आईच्या पितळी स्टोव्हचं काय करायचं?

कांदिवलीत एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की घरं रिकामी करायची तारीख जवळ येते आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते: काय न्यायचं, काय द्यायचं, काय टाकायचं. फ्रिज, कपाट, गाद्या यांचा निकाल लवकर लागतो. घोडं अडतं ते माळ्यावरून खाली आलेल्या वस्तूंपाशी, आणि त्यातही आईच्या पितळी स्टोव्हपाशी. नवी इमारत होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचं, तिथं त्याला जागा नाही; नव्या टॉवरमध्ये पाइपचा गॅस येणार; रॉकेल तर दिसेनासंच झालंय. तरी तो भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला हात धजत नाही. बहीण भावाला म्हणते तू ने, भाऊ म्हणतो तूच ने, आणि स्टोव्ह आणखी एका खोक्यात बंद होतो. हा भावनेचा मामला आहे, त्यात डोकं चालवू नये, असा एक समज आहे. माझ्या मते तो विचारानेच सुटतो. स्टोव्हला नवं घर शोधण्याआधी त्याची माहिती लिहून काढावी. ते झालं की तो कुठंही जाऊ द्यावा, वेळ पडली तर भट्टीतसुद्धा.

आधी ही वस्तू नीट पाहू. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली काजळी न धरणारा दाबाचा स्टोव्ह बनवला. तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनच्या सामानात प्रायमस होता आणि १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही. आपल्याकडच्या पितळी स्टोव्हची रचना त्याच घराण्यातली. खाली रॉकेलची टाकी, तिच्या कुशीत चामडी वॉशरचा पंप, वर बर्नर, भांडं पेलायला लोखंडी पाय आणि कडं. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरच्या मानेला लावून पेटवायचा. बर्नरच्या नळ्या पुरेशा तापल्या की टाकीवरची हवेची चावी आवळून पंप मारायचा. दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळ्यांत त्याची वाफ होते, निपलच्या बारीक भोकातून ती जोरात बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. नळ्या पुरत्या तापल्या नसताना पंप मारला, तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका उडतो. भोक काजळीने बुजलं की पिन मारायची: पत्र्याची छोटी पट्टी आणि टोकाला केसासारखी तार. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात या पिना सुट्या मिळत. एवढं सगळं एका हाताने सांभाळत दुसऱ्या हाताने भाजी परतणारी बाई एक यंत्र चालवत होती. पण तिच्या या कामाला कुणी कौशल्य म्हटलं नाही.

पश्चिम उपनगरांत हे यंत्र इतकी वर्षं का टिकलं, याला कारणं आहेत. घरगुती गॅस मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५५ साली ‘बरशेन’ नावाने आणला, पण कित्येक दशकं तो मागेल त्याला मिळत नव्हता. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, अशी रीत ऐंशीच्या दशकातही होती. याच काळात कांदिवलीची वस्ती झपाट्याने वाढली. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोपला लहान लहान भूखंड आखले गेले. रस्ते, पाणी, मलनिःसारण सरकारने द्यायचं आणि घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं, अशी ती योजना होती. अशा घरात गॅसचा नंबर लागेपर्यंत स्वयंपाक रॉकेलवर चाले, आणि रॉकेल रेशनच्या रांगेत मिळे. ती रांग हा राजकीय प्रश्नही होता. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या अशाच जीवनावश्यक वस्तूंच्या महागाई-टंचाईसाठी. पुढे इंडियन ऑइलचा ‘नूतन’ हा वातीचा स्टोव्ह आला. त्याला पंप नको, काकडा नको. मग गॅस आला आणि पितळी स्टोव्ह आधी ओट्याखाली, नंतर माळ्यावर गेला. तेव्हा माळ्यावरच्या स्टोव्हला कुटुंबाच्या आठवणींपलीकडचंही मोल आहे. उपनगरातली घरं कशी उभी राहिली आणि चालली, याचा तो पुरावा आहे.

आता तो कुणाला द्यायचा? पहिला विचार मनात येतो गरजू कुटुंबाचा. हेतू चांगला, पण इथं तो फसतो. रेशनवरचं रॉकेल जवळपास बंद झालं आहे, आणि खुल्या बाजारातलं रॉकेल जाळून स्वयंपाक करणं परवडणारं नाही. शिवाय घरात रॉकेल जाळू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत दिला आहे. त्याचा धूर फुप्फुसांना बाधतो. जुन्या टाकीचे डाक किती पक्के आहेत हेही बाहेरून कळत नाही. आपल्या घरात जी वस्तू पेटवायची आपली तयारी नाही, ती दुसऱ्याच्या झोपडीत पेटावी म्हणून देणं हे दान नव्हे. गरजूला द्यायचंच असेल तर गॅसची शेगडी द्यावी.

दुसरी वाट शोभेची. पितांबरीने घासून लखलखीत केलेला स्टोव्ह दिवाणखान्यात किंवा एखाद्या ‘घरगुती चवीच्या’ हॉटेलात मांडला की छान दिसतो. दक्षिण मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर अशा वस्तूंचे जाणकार व्यापारी आहेत, तिथून तो संग्राहकाकडेही जाऊ शकतो. याला नाक मुरडण्याचं कारण नाही. विकत घेणारा वस्तू जपतो, हे खरंच आहे. पण बाजारात वस्तूची किंमत ठरते ती छाप, घडण, अवस्था यांवर. कोणाचा स्टोव्ह, कोणत्या घरात, किती माणसांचा स्वयंपाक त्यावर होई, हे पहिल्याच व्यवहारात गळून पडतं. दुकानदाराला ते सांगितलं तरी तो पुढे सांगेल याची खात्री नाही. मुलांना चार पैसे मिळाले आणि वस्तू सुखरूप राहिली, तरी तिच्यातली निम्मी मिळकत रस्त्यातच सांडली.

तिसरी वाट संग्रहालयाची, आणि तिच्याविषयी लोकांच्या अपेक्षा अवास्तव असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने घरगुती वस्तूंना जो मान दिला तो महाराष्ट्रात अपूर्व आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकाची भांडी आयुष्यभर गोळा केली आणि १९७५मध्ये हजारो वस्तूंचा हा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अहमदाबादला ‘विशाला’ उपाहारगृहाच्या आवारात सुरेंद्र पटेल यांनी १९८१मध्ये निव्वळ भांड्यांचं ‘वेचार’ संग्रहालय उभं केलं. या उदाहरणांवरून वाटतं की आपलाही स्टोव्ह कुणीतरी काचेमागे ठेवील. पण संग्रहालयाच्या कोठारालाही भिंती असतात, आणि एकसारखे दहा पितळी स्टोव्ह ठेवून त्याला काही साधत नाही. अकराव्या स्टोव्हला आत घेतलं जातं ते त्याच्याबरोबर माहिती येत असेल तर: कधी घेतला, कुठून, कुणी वापरला, कधी बंद पडला. माहिती नसलेली वस्तू संग्रहालयातही नुसती जागा अडवते. म्हणजे संग्रहालयाच्या दारातही प्रश्न तोच येतो, नोंद आहे का?

ही नोंद करणं वाटतं त्याहून सोपं आहे, आणि सुरुवात स्टोव्हवरूनच करता येते. भांड्यांवर नाव घालून घ्यायची आपली पद्धत इथं कामाला येते. टाकीच्या अंगावर किंवा बुडाशी बोट फिरवलं की कधी कधी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं लागतात: ‘चि. सौ. कां.’ असं नवरीचं नाव, भेट देणाऱ्याचं नाव, लग्नाची तारीख. नुसत्या डोळ्यांनी वाचता आलं नाही तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासावी, अक्षरं उठतात. या तीन ओळींतून आईचं वय, तेव्हाचं गाव, माहेरचे संबंध असं बरंच काही उलगडतं. मग कारखान्याची छाप टिपावी, चारही बाजूंनी फोटो काढावेत, डागडुजीच्या खुणा पाहाव्यात. बदललेला बर्नर किंवा टाकीवरचा जादा डाक हा वापराचा इतिहास असतो. आणि आई हयात असेल तर तिच्या हातात स्टोव्ह देऊन तो कसा पेटवायचा हे तिला न पेटवता दाखवायला सांगावं आणि मोबाइलवर चित्रित करावं. हात कुठे जातो, चावी किती फिरते, पंप किती मारायचा हे तिला सांगता येणार नाही कदाचित, करून मात्र दाखवता येईल. दहा मिनिटांचं ते चित्रण पितळेपेक्षा दुर्मीळ आहे, कारण पितळी स्टोव्ह अजून पुष्कळ उरलेत, ते चालवणारे हात झपाट्याने कमी होतायत.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी एके काळी मराठी वर्तमानपत्रांत इतकी नेमाची होती की वाचक पान उलटत. त्यांतले काही खरोखरच अपघात होते. स्टोव्ह धोकादायक होता, सुती-नायलॉनच्या साड्या आणि जमिनीवरचा स्वयंपाक यांनी तो अधिक धोकादायक झाला. पण भडका नेमका सुनेच्याच वेळी कसा उडतो, हा सवाल स्त्री-संघटनांनी विचारला, आणि त्या लढ्यातून १९८३मध्ये दंड संहितेत कलम ४९८अ आलं, १९८६मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४ब आलं. अशी वस्तू कौतुकाने जपायची कशाला? उत्तर असं, की कौतुकाने जपूच नये. शोभेच्या मांडणीत हा भाग पुसला जातो, म्हणून ती मांडणी अपुरी. नोंदीत मात्र तो राहतो. त्या स्टोव्हने कुणाचा हात भाजला असेल, शेजारच्या चाळीत काही घडलं असेल, तर तेही लिहावं. स्वयंपाकघराचा इतिहास केवळ पुरणपोळीचा नसतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. माहिती लिहून वस्तू मोडीत दिली तर हाती काय उरलं, कागद? मूळ वस्तूच्या स्पर्शाला पर्याय नाही. हे अर्धंच खरं आहे. जिथं वस्तू वापरता, उघडता, समजून घेता येते तिथं ती राहिलीच पाहिजे, आणि अशी एक जागा घराजवळच असते: शाळेची प्रयोगशाळा. हवेचा दाब, एकेरी झडप, द्रवाची वाफ, वायू आणि हवेचं मिश्रण, हे सारं एका स्टोव्हमध्ये सुटं करून दाखवता येतं, तेही न पेटवता. रॉकेल पूर्ण काढलेला, साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवलेला स्टोव्ह आणि सोबत दोन पानं माहिती, अशी भेट कुठल्याही विज्ञानशिक्षकाला उपयोगी पडेल. माझ्या क्रमात शाळा पहिली, नोंदीसह संग्रहालय दुसरं, जाणता संग्राहक तिसरा. यांपैकी काही जमलं नाही तर मोड. पितळ वितळवून पुन्हा पितळच होतं, त्याचं मोल बुडत नाही. खोक्यात गंजणारे लोखंडी पाय आणि हिरवी पडलेली टाकी हे जपणं नव्हे, निर्णय पुढे ढकलणं आहे.

परदेशी असलेल्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रॉकेलचा अंश किंवा वास उरलेला स्टोव्ह विमानात नेता येत नाही, आणि स्वच्छ केलेल्या स्टोव्हलाही विमान कंपनीची परवानगी आधी विचारावी लागते. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्नही येऊ शकतो. लग्नातल्या स्टोव्हच्या बाबतीत ती वेळ क्वचितच येईल. भावंडांत वाद असेल तर आईच्या चीजवस्तूंवर मुलगा आणि मुलगी दोघांचा सारखा हक्क आहे, हे आधीच मान्य करून बोलणं सुरू करावं. स्टोव्ह एक आणि वारस तीन, असं असलं तरी नोंद आणि चित्रण तिघांनाही पुरतं, हा या मार्गाचा आणखी एक फायदा.

आणि या सगळ्याआधी आईला विचारावं. स्टोव्हचं हळवेपण बहुधा मुलांना असतं; त्यांनी गरम चहा प्यायला, पंप मारला नाही. पहाटे उठून काकडा लावणाऱ्या, रॉकेलच्या रांगेत उभं राहिलेल्या, पदर सांभाळत स्वयंपाक केलेल्या बाईला गॅस आल्याचा आनंद जास्त आठवत असेल. ती म्हणाली, ‘दे भंगारात, कटकट गेली’, तर तो अनादर मानू नये. तिचा तो शेराही नोंदीत लिहावा, आणि मग तिच्या म्हणण्याप्रमाणे करावं. स्टोव्ह तिचा होता, शेवटचा शब्दही तिचाच असायला हवा.