कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील रंगीत काचचित्रे : थरांचे तंत्र आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :
कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात उभारला गेला. त्यातील दरबार हॉलच्या कमानींत छत्रपती शिवाजी महाराजांच्या जीवनातील प्रसंग दर्शविणारी रंगीत काचचित्रे आहेत. युरोपात प्रामुख्याने चर्चमध्ये विकसित झालेले हे माध्यम येथे मराठ्यांच्या इतिहासासाठी योजिले गेले, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. प्रस्तुत लेखात या कलेचे तंत्र स्पष्ट करून त्याआधारे जतनाची दिशा सूचित केली आहे.

तंत्र :
तैलचित्रावरून प्रकाश परावर्तित होऊन डोळ्यांपर्यंत येतो. काचचित्रातून तो आरपार येतो. म्हणजेच येथील रंग ही प्रकाशाची गाळणी असते. हा परिणाम पुढील थरांतून साधला जातो.

१) मूळ काच : वितळलेल्या काचेत धातूंची संयुगे मिसळून रंग आणतात. कोबाल्टपासून निळा, मँगनीजपासून जांभळा, तर तांब्यापासून भट्टीतील प्राणवायूच्या प्रमाणानुसार हिरवट-निळा किंवा लाल रंग मिळतो.

२) रंगाचा पातळ पापुद्रा : लाल काच संपूर्ण जाडीची केल्यास जवळजवळ काळी दिसते. म्हणून पारदर्शक काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवितात. हा थर आम्लाने हवा तेथे काढून एकाच तुकड्यात लाल व पांढरे नक्षीकाम करता येते.

३) रेखांकन : चेहरे, वस्त्रांच्या चुण्या व छाया धातूची भस्मे आणि काचेची पूड यांच्या मिश्रणाने रंगवून भट्टीत भाजतात.

४) रौप्यरंग : चांदीच्या संयुगाचा लेप भाजल्यावर काच पिवळी होते. युरोपात ही पद्धत चौदाव्या शतकापासून रूढ झाली.

याखेरीज दोन काचा एकमेकींमागे बसविल्यास दोन्ही प्रकाश गाळतात व छटा गहिरी होते. अमेरिकेत जॉन ला फार्ज व लुई कम्फर्ट टिफनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीचा विपुल वापर केला. पारंपरिक काचचित्रांत तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून सांधे डाखाने जोडतात. या काळ्या रेषा आधार देतात आणि चित्राची बाह्यरेखाही होतात.

जतनाचा प्रश्न :
वरील रचनेवरून असे दिसते की, काच टिकाऊ असली तरी चित्र नाजूक असते. रेखांकन नीट भाजले गेले नसेल, तर ओल्या फडक्याने घासल्यासही ते निघू शकते. आम्लयुक्त द्रावणाने तर अपरिमित हानी संभवते. कालांतराने शिसे थकते, डाख तडकतो व तावदान फुगते. नव्या राजवाड्याच्या वास्तूला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. फुटलेल्या तुकड्याजागी बाजारातील रंगीत काच बसविल्यास प्रसंगातील व्यक्तीचा चेहरा वा आयुध कायमचे हरवते.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवर व ग्रंथालय वास्तूचे जतनकार्य २०१५ मध्ये पूर्ण झाले. त्यात रंगीत काचांच्या खिडक्यांचाही समावेश होता. अशा कार्याचा अनुभव महाराष्ट्रातच उपलब्ध आहे, ही जमेची बाजू होय.

निष्कर्ष :
दरबार हॉलमधील काचचित्रे ही केवळ सजावट नसून, एकोणिसाव्या शतकातील कोल्हापूरने शिवचरित्राकडे कसे पाहिले याचे ऐतिहासिक साधन आहेत. त्यामुळे प्रत्येक तावदानाचे प्रकाश आतून व बाहेरून टाकून छायाचित्रण, प्रसंगनिहाय नोंद आणि शिशाच्या सांध्यांची नियमित तपासणी ही कामे दुरुस्तीपूर्वीच होणे आवश्यक आहे. इतिहास, रसायनशास्त्र व चित्रकला या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन हे कार्य हाती घेणे उचित ठरेल.