कसोटीचा दगड आणि मुलांचे खेळ

सराफ्यातील पेढ्यांच्या फळ्या रात्री लागल्या, की त्याच ओट्यांवर खवय्यांची गर्दी जमते. परवा तेथे गरम गराडू खाता खाता बोलणे शाळेच्या वार्षिक खेळांवर आले. अगदी लहान मुलांत पहिला-दुसरा क्रमांक काढावा की नाही, हा प्रश्न सध्या आमच्या पालकसभेपुढे आहे. एक वृद्ध स्नेही म्हणाले, "मास्तर, होळकर संघाच्या गावाने असले विचारावे काय?"

त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडूंचा तो दरारा इंदूर अजून विसरलेले नाही. पण ते कसलेले गडी होते. पहिलीतली पोरे नव्हेत.

नॉर्वेच्या क्रीडासंघटनेने २००७ साली केलेल्या नियमांत मुलाला अकरावे वर्ष लागेपर्यंत क्रमवारी लावू नये असे ठरविले. पुढे २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याच देशाने ३९ पदके मिळविली, सर्वांहून अधिक. नियमामुळेच मिळाली असे मी म्हणणार नाही. परंतु नियमाने मुले मऊ पडली नाहीत, एवढे तरी खरे.

माझे वडील दरबारी गवई. स्पर्धा म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे? तरी मला त्यांनी कित्येक वर्षे चारचौघांत गाऊ दिले नाही. ते म्हणत, "सराफ कसोटीवर सोने घासतो ते पारखायला. घासून घासून सोने तयार होत नाही, झिजते मात्र."

हे ठाऊक असूनही मी चुकलो. समूहगानाच्या स्पर्धेत मागच्या ओळीतला एक मुलगा बेसूर लागे. मी त्याला हळूच सांगितले, "तू नुसते ओठ हलव." ढाल आम्हाला मिळाली. त्याच मुलाला यंदा धावण्याच्या शर्यतीत मी पाहिले. शिट्टी झाली, सगळे सुटले. हा चार पावले धावला आणि कडेला जाऊन बसला.

म्हणून सभेत मी सांगणार आहे : पाचवीपासून खुशाल चुरस लावा, हरणेही शिकायलाच हवे. त्याआधी मात्र खो-खो असो की लंगडी, प्रत्येकाला डाव मिळू द्या, आणि मोजायचेच तर मुलाचे कालचे धावणे आजच्याशी मोजा.

काल त्या मुलाला जवळ बसवून मी षड्ज लावला आणि म्हटले, "आता तू." त्याने माझ्याकडे पाहिले. ओठ हलले. आवाज आला नाही.

आज संध्याकाळी पुन्हा बोलावले आहे.