भिंतीतली निळी तार (लेखांक ६)

थर्मोस्टॅटवर आठवड्याचं वेळापत्रक कसं लावायचं, हे आज लिहिणार होतो. ते पुढच्या वेळी. न्यू जर्सीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न थंडी वाढायच्या आत सुटायला हवा. त्या लिहितात, 'गेल्या ऑक्टोबरात स्मार्ट थर्मोस्टॅट घरीच बसवला. दोन महिने छान चालला. मग कडाक्याच्या थंडीत पहाटे स्क्रीन बंद, फर्नेस बंद, घर गारठलेलं. यंत्रच खराब निघालं का?' सोबत जोडणीचा फोटो आहे. त्यात तारा दोनच, 'आर' आणि 'डब्ल्यू'.

यंत्र बहुधा धडधाकट आहे. त्याला वीज पुरत नाही.

१२० व्होल्टचे २४ करणारा फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर आपण पाहिलाच आहे. त्याचं एक टोक 'आर', दुसरं 'सी' म्हणजे कॉमन. जुन्या थर्मोस्टॅटला 'सी' लागतच नसे. हनीवेलचा गोल टी-८७ आठवा, हेन्री ड्रेफसच्या हातचा, १९५३ सालचा. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि तिच्यावर पाऱ्याची काचेची कुपी. खोली गार झाली की गुंडाळी वळते, कुपी कलते, पारा घरंगळतो आणि 'आर' 'डब्ल्यू'ला, म्हणजे फर्नेस चालू करणाऱ्या तारेला, जोडला जातो. स्वतःसाठी विजेचा थेंबही नको! म्हणून त्या काळच्या घरांत दोन तारांवर भागलं.

स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र स्क्रीन आणि वायफायसाठी चोवीस तास वीज लागते. 'सी' नसेल तर काही मॉडेलं फर्नेस थांबलेली असताना तिच्याच सर्किटमधून अगदी बारीक प्रवाह ओढून आतली बॅटरी भरतात. पण फर्नेस चालू होते तेव्हा 'आर' आणि 'डब्ल्यू' जोडलेले असतात, दोघांमध्ये व्होल्टेज जवळपास उरत नाही आणि चार्जिंगला फारसा वाव राहत नाही. थंडी जितकी कडक, तितकी फर्नेसला विश्रांती कमी. ऑक्टोबरात चालणारं यंत्र नेमकं कडाक्याच्या पहाटे मान टाकतं ते यामुळे.

आता उपाय. फर्नेसचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करा. थर्मोस्टॅटची पट्टी काढून केबल हलकेच दोन इंच बाहेर ओढा आणि ती भिंतीत परत घसरू नये म्हणून पेन्सिलीला गुंडाळून ठेवा. आता बाहेरचं वेष्टण नीट पाहा. पुष्कळ घरांत आत चार-पाच तारा असतात आणि न लागणाऱ्या मागे दुमडून वेष्टणाभोवती गुंडाळलेल्या असतात. 'सी'साठी सहसा वापरतात ती निळी तार बहुतेक त्यांतच सापडते. तिचं दुसरं टोक फर्नेसच्या बोर्डाजवळ तसंच मोकळं असेल, तर तुमचं काम झालं. दोन्ही टोकं सोलून एक बोर्डाच्या 'सी'ला, दुसरं थर्मोस्टॅटच्या 'सी'ला जोडा. बोर्डाच्या 'सी'वर एसीची तार आधीच असेल तर ती काढू नका, शेजारीच ही बसवा.

रंगावर मात्र विसंबू नका. लाल म्हणजे 'आर' हा रिवाज आहे, नियम नव्हे. कोणती तार बोर्डावर कुठल्या अक्षराला लागली आहे, तेच खरं. वीज चालू केल्यावर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून 'आर' आणि 'सी'मध्ये मोजा. २४ ते २८ दिसलं की झालं. ही दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. टेकली तर बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपियरचा फ्यूज उडतो आणि फ्यूज नसलेल्या जुन्या फर्नेसमध्ये ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो.

जादा तार नसेल तर १८ गेजची पाच तारांची केबल नव्याने ओढणं हा सर्वांत पक्का मार्ग. ते जमण्यासारखं नसेल तर भिंतीतल्या प्लगवर चालणारा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मिळतो. त्याची जोडणी थर्मोस्टॅटच्या मॅन्युअलबरहुकूमच करा. भिंतीत टोप्या लावलेल्या जाड तारा निघाल्या तर मात्र तिथेच थांबा. त्या बहुधा बेसबोर्ड हीटरच्या २४० व्होल्टच्या असतात आणि हे थर्मोस्टॅट त्यांच्यासाठी नाहीत.

ज्यांनी अजून खरेदी केलेली नाही, त्यांनी आधी पट्टी काढून तारा मोजाव्यात, फोटो घ्यावा आणि मगच पैसे भरावेत. जुन्यात पाऱ्याची कुपी निघाली तर ती कचऱ्यात टाकू नका, गावच्या घातक कचरा संकलन केंद्रावर नेऊन द्या.