वितळलेल्या क्षारात स्टेनलेसचं काय होतं?

स्पेनमधलं सेव्हिलजवळचं ‘जेमासोलर’ सौर केंद्र २०११ पासून दिवसाची उष्णता वितळलेल्या क्षारात साठवून रात्री वीज बनवतं. अशा यंत्रणांसाठी लेझरने भुकटी वितळवून, थरावर थर चढवत घडवलेले स्टेनलेसचे भाग वापरता येतील का, याची चाचपणी सुरू आहे. त्याबद्दलचे चार गैरसमज पाहू.

गैरसमज : स्टेनलेस गंजत नाही.
वस्तुस्थिती : ३१६-एल या स्टेनलेस पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा पोलादाला वाचवतो. वितळलेल्या फ्लोराइड किंवा क्लोराइड क्षारात हा पापुद्रा टिकत नाही आणि क्रोमियमच क्षारात उतरू लागतं. पृष्ठभाग वरून बरा दिसला, तरी तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की धातूच्या स्फटिककणांच्या सीमांलगत पोकळ्या दिसतात.

गैरसमज : पाणी नाही, मग गंज कसला?
वस्तुस्थिती : बरेच क्लोराइड क्षार हवेतला ओलावा शोषतात. तापवल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि तो क्रोमियमवर तुटून पडतो. म्हणूनच क्षार आधी कसून वाळवतात आणि चाचणी आर्गॉन वायूत घेतात.

गैरसमज : क्षार सगळे सारखेच, क्रोमियम वाढवलं की झालं.
वस्तुस्थिती : सौर केंद्रांत ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचं मिश्रण सुमारे ५६५ अंश सेल्सिअसपर्यंत वापरतात. नायट्रेट ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे पापुद्रा टिकतो. फ्लोराइडचं गणित उलटं; त्यात क्रोमियमच विरघळतं. अमेरिकेत ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या, वितळलेले फ्लोराइड क्षार वापरणाऱ्या अणुभट्टीसाठी जेमतेम ७ टक्के क्रोमियमचा निकेल मिश्रधातू मुद्दाम निवडला होता.

गैरसमज : रासायनिक घटक तेच, मग लेझरने घडवलेला भाग आणि रोल केलेला पत्रा एकच.
वस्तुस्थिती : लेझरखाली धातू क्षणात गोठतो. आत मायक्रॉनहून लहान कप्पे तयार होतात आणि त्यांच्या भिंतींत क्रोमियम व मॉलिब्डेनम जास्त असू शकतं. शिवाय छिद्रं, अंतर्गत ताण आणि अर्धवट चिकटलेल्या भुकटीचा खरखरीतपणा असतोच. साध्या खाऱ्या पाण्यात, छिद्रं कमी असतील तर, असा भाग अनेकदा सरस ठरतो, कारण खड्डे पाडणारे मँगनीज सल्फाइडचे मोठे कण त्यात नसतात. पण तो निकाल तापलेल्या क्षाराला लावता येत नाही.

तेव्हा गंजाचा कुठलाही आकडा वाचताना क्षार कोणता, तापमान किती, ओलावा किती, चाचणी किती तास चालली आणि भागावर नंतर कोणती उष्णता-प्रक्रिया केली, हे आधी तपासावं. एवढं नसेल, तर दोन आकड्यांची तुलना करू नये.