टेन्शनर : झीज गिळणारा पुर्जा

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हा हिशेब टायमिंग चेन सांभाळते. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो; खरे तर कड्यांतल्या पिना झिजतात आणि सांध्यासांध्यातला केसभर सैलपणा साठून चेन लांबते. टेन्शनरचा दांडा स्प्रिंगच्या जोराने गाइडपट्टी रेटतो आणि हा सैलपणा खातो. रॅचेटचे दाते त्याला पुढे सरकू देतात, मागे येऊ देत नाहीत.

म्हणून टेन्शनर बसवताना दांडा आत दाबून अडकवायचा आणि बोल्ट आवळल्यावर सोडायचा. शिकाऊपणी मी बाहेर आलेल्या दांड्यासकटच बोल्ट आवळत गेलो आणि टेन्शनरचा कान तुटला. तो काढलेला असताना इंजिन फिरवू नये. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

खडखड सुरू झाली की टेन्शनर एक तर अडकलेला असतो किंवा त्याची धाव संपलेली असते. दांडा शेवटच्या दात्यापर्यंत आला असेल, तर नवा टेन्शनर पुरत नाही. चेन आणि गाइडपट्ट्याही बदलाव्या लागतात. तोवरची सगळी झीज त्याने आवाज न करता झाकलेली असते. म्हणून तो काढला की मी आधी बाहेर आलेले दाते मोजतो.