जंगल काय देतं? आणि कुणाला?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी चालायला येणाऱ्यांना जंगलाचा उपयोग विचारला, तर 'शुद्ध हवा' हे उत्तर बहुधा ठरलेलं. आतल्या वारली पाड्यावर हाच प्रश्न नेला की सरपण, रानभाज्या आणि वाघोबा यांची नावं पुढे येतात. दोघंही खरं बोलतात, पण आपापल्या अंगणापुरतं.

निसर्गाकडून माणसाला होणाऱ्या लाभांना शास्त्रज्ञ 'परिसंस्था सेवा' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनाने त्यांचे चार गट पाडले. अन्न, पाणी, लाकूड हा पहिला. पूर, हवामान, रोगराई यांच्यावरचा अंकुश हा दुसरा. श्रद्धा, सौंदर्य, विरंगुळा हा तिसरा. या तिन्हींना आधार देणाऱ्या, माती तयार होण्यासारख्या प्रक्रिया चौथ्या गटात येतात. पण लोकांना यातलं नेमकं काय जाणवतं? स्पेनमध्ये तीन हजारांहून अधिक लोकांना हे विचारलं गेलं, तेव्हा हवा शुद्ध राखण्यासारख्या सेवांना वरचं स्थान मिळालं. शहर आणि खेड्याच्या उत्तरांत मात्र तिथेही फरक पडला.

मुंबईत सर्वांत कमी जाणवणारा लाभ पाण्याचा असावा. उद्यानाच्या जंगलातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आज शहराची जेमतेम तीन टक्के गरज भागवतात. त्यांच्या कित्येक पट पाणी १८९२ पासून शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावातून येतं. त्याच्या भोवतीचं जंगल म्हणजे तानसा अभयारण्य. तिथे पावसाचा मार झाडोरा झेलतो, पाचोळा पाणी मुरवतो, मुळं माती धरून ठेवतात. त्यामुळे तलावात गाळ कमी उतरतो. 'झाडं जास्त तितकं पाणी जास्त' हा समज मात्र सरसकट खरा नाही. झाडं स्वतःही भरपूर पाणी पितात आणि पानांवाटे हवेत सोडतात. जंगलाची खरी कामगिरी पाण्याचं प्रमाण वाढवण्यापेक्षा ते स्वच्छ राखण्यात आणि सावकाश सोडण्यात आहे.

काही लाभ तर उपद्रवाच्या रूपात समोर येतात. उद्यानातला बिबट्या म्हटलं की बातमी हल्ल्याचीच होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दुसरी बाजू मांडली. हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे हजारेक प्रसंग टळत असावेत, असा त्यातला अंदाज आहे. यातून रेबीजचा धोकाही घटतो. पण बिबट्याच्या भीतीने अंधारात दार लावून बसणाऱ्या पाड्यावर या आकड्याचं समाधान कितीसं मानतील?

लाभ एकाला आणि झळ दुसऱ्याला, हे तानसाच्या बाबतीत अधिकच ठळक दिसतं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यांना जंगल का राखायचं ते पटवून सांगणारं पत्रक पुरेसं कसं होईल? म्हणूनच लोकमताच्या पाहणीत 'जंगल काय देतं' याच्या जोडीला 'त्याची किंमत कोण मोजतं' हाही प्रश्न असायला हवा.

न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये असा हिशेब मांडला. पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प उभारण्याऐवजी त्याने कॅट्सकिल डोंगरांतल्या गावांशी करार केला आणि पाणलोट राखण्यासाठी त्यांना पैसे देऊ केले. तिथल्या आणि इथल्या परिस्थितीत अंतर मोठं आहे; तोच करार जसाच्या तसा शहापूरला लागू होणार नाही. पण पाणी पिणाऱ्याने पाणलोट राखणाऱ्याचं देणं मान्य करावं, हे तत्त्व इथेही लागू आहे. त्यासाठी मुंबईकराला आधी तानसाच्या जंगलाची ओळख पटायला हवी.