दवाखान्यापलीकडचे सोलापूर



गळीत हंगाम संपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की कुठेतरी फिरून येण्याचा विषय घरोघर निघतो. कोणी गाणगापूर म्हणतो, कोणी कोकण. सोलापूरचे नाव मात्र कोणी घेत नाही. "सोलापुरात काय बघायचंय? नेहमीच तर जातो," हे आपले ठरलेले उत्तर. आपण जातो ते बँकेत, कोर्टात, नाहीतर मोटारीचे सामान आणायला. घरच्या बाईला मात्र एकदा विचारून बघा. तिने सोलापूर पाहिले ते बहुधा दवाखान्याच्या बाकावरून. कधी बाळंतपण, कधी सासऱ्यांचे ऑपरेशन. खुरपणीपासून धारांपर्यंत सगळे तिच्या हातून होते, पण जिल्ह्याचे गाव तिने मोकळ्या मनाने कधी पाहिलेले नसते.

त्यासाठी एक दिवस पुरतो. सकाळच्या एसटीने निघावे. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट झाले आहे आणि त्याआधी २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला. तेव्हा म्हातारीलाही घरी ठेवायचे कारण नाही.

पहिल्यांदा ग्रामदैवत सिद्धेश्वर. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये मंदिर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हा तलाव खोदला, अशी परंपरा आहे. पाण्याच्या पाळीची वाट बघणाऱ्या आपल्या मुलखात देव ओळखला जातो तो तळे खोदणारा म्हणून, हे पोरांना तिथेच उभे करून सांगावे. संक्रांतीला इथे गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात. पण त्या वेळी आपल्या रानात तोडणी चालू असते. म्हणून उन्हाच्या आधी निवांत दर्शन घ्यावे हे बरे.

तलावाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा. निजामशाही आणि आदिलशाही या किल्ल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. चांदबिबीच्या लग्नात सोलापूर आंदण म्हणून दिले गेले होते. आंदणावरून भांडणे कशी लागतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मे १९३० मध्ये काही दिवस सोलापुरातून इंग्रजांचा अंमल उठला होता. मग सरकारने मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक आहे. ते १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांच्या सेवेला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या मुलीला हे घर जरूर दाखवावे.

आता पोटाचे. घरून भाकरी बांधून नेऊ नका. खानावळीत सगळ्यांनी एका पंगतीत बसावे. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वांग्याची भाजी, वर शेंगापोळी. खाणाऱ्यांनी खारं मटण घ्यावे आणि कडक भाकरी रश्शात कुस्करावी. कोणी म्हणेल, "हे तर घरीच मिळतं." मिळते खरे, पण घरी ते करते कोण? आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात गरम भाकरी टाकणाऱ्या बाईला दुसऱ्या कोणी वाढलेली भाकरी किती वेळा मिळते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

शिवाय ही भाकरी साधी नव्हे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यात, मोहोळला निवडले गेले. शेंगाही कोरडवाहू रानातल्या. शहराचे नाव ज्या चवीमुळे झाले, ती शेतकऱ्याच्याच खळ्यावरची आहे.

ब्राझीलमधले साओ पाउलो हे दक्षिण अमेरिकेतले सर्वांत मोठे शहर. त्याच नावाच्या राज्यात ब्राझीलचा सर्वाधिक ऊस पिकतो. तिथल्या रस्त्यावरच्या आठवडे बाजारात लोक उसाचा रस आणि पास्तेल खातात. पास्तेल म्हणजे आपल्या करंजीच्या जातीचा तळलेला पदार्थ, आत चीज किंवा खिमा. तेवढ्या मोठ्या शहराला आपल्या शिवारातला रस हलका वाटत नाही. पाहुण्यांनाही तो आवर्जून पाजतात. मग आपण गावात आलो की आपली भाकरी सोडून भलतेच काही का मागावे?

दुपारनंतर चादरीच्या दुकानात जावे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात हा धंदा वाढवला. एक चादर घरच्या मालकिणीच्या पसंतीने घ्यावी. रंग तिला ठरवू द्यावा. संध्याकाळी पार्क चौकात पोरांना भेळ खाऊ घालून शेवटची गाडी धरावी.

खतावर, मजुरीवर, लग्नकार्यावर आपण खर्च करतोच. त्यातून एक दिवसाचा खर्च बाजूला काढणे कोणालाही जड नाही. यंदाच्या बिलातून एवढे अवश्य करावे. पुढच्या वेळी घरात सोलापूरचे नाव निघाले, तर तिला दवाखान्याआधी तळे आठवावे.